समुद्र शिवताना निळा जपून वापरा

समुद्राच्या रंगांची गोधडी करायची म्हटलं की हात आपोआप निळ्या कापडाकडे जातो. आकाशी, मोरपंखी, गडद शाईचा असे तुकडे जमतात, चौकोन कापून शिवले जातात, आणि गोधडी पलंगावर पसरली की समुद्राऐवजी निळा रंग दिलेली भिंत समोर येते. अशा वेळी शिवणाऱ्या हाताला दोष देण्यात अर्थ नाही, चूक कापड निवडतानाच झालेली असते. ठिगळांच्या साध्या गोधडीत समुद्र दिसतो तो गडद-फिकटाच्या चढउतारामुळे आणि निळ्याच्या शेजारी बसवलेल्या मातकट, राखाडी, शेवाळी तुकड्यांमुळे. रंगांची ही मांडणी जमली तर शिवण नुसत्या चौकोनांची असली तरी पुरते.

यावर कुणी म्हणेल, समुद्र तर निळाच असतो. खरं आहे, आणि त्याला मोठा आधारही आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली बोटीनं भारतात परतताना याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तोवर मानलं जात होतं. रामन यांनी परावर्तित प्रकाश अडवणाऱ्या निकोल प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब वगळलं, तरी पाण्याचा निळा रंग गेला नाही. त्याबद्दलचं टिपण त्यांनी मुंबई बंदरातून ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं. पण तो समुद्र खोल आणि नितळ होता. रत्नागिरी-मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहून दिसणारं पाणी निराळं. नद्या-खाड्यांनी आणलेला गाळ त्याला मातकट करतो, पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य त्याला हिरवट करतं. शिवाय पायाजवळच्या पाण्यात नजर सरळ आत उतरते, तर दूरच्या पाण्यावर ती तिरकी पडते, म्हणून तिथं आकाशाचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. आषाढात क्षितिजाजवळचा समुद्र राखाडी होतो तो त्यामुळेच. थोडक्यात, किनाऱ्यावरून दिसणारा समुद्र पट्ट्यापट्ट्यांचा असतो. ओली वाळू, फेस, हिरवट उथळ पाणी, त्यापलीकडे गडद पट्टा, मग पुन्हा फिकट. निळा त्यात असतो, पण अनेकांतला एक म्हणून.

दुसरा पुरावा थेट कापडाच्या धंद्यातला आहे. एकोणिसाव्या शतकात मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या विणकामातला काळा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती, शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात यावर त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथच लिहिला. गोधडीत हा नियम उलट्या बाजूनं कामी येतो. दहा निळ्यांत अकरावा निळा हरवतो, पण जुन्या साडीच्या विटकरी काठाचा बोटभर तुकडा लागूनच बसवला की तोच निळा उठून दिसतो. म्हणून विटकरी, गेरूचा किंवा वाळूचा रंग मोजकाच घ्यावा, पण वगळू नये. गडद-फिकटाची परीक्षा तर आणखी सोपी. तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. फोटोत सगळं एकसारखं राखाडी दिसलं, तर कापडं कितीही सुंदर असोत, त्यांच्यातून लाट उठणार नाही.

अशा छटा मिळायच्या कुठे? दुकानात एकमेकांशी जुळवलेल्या तुकड्यांचे तयार गठ्ठे मिळतात आणि ते सोयीचे असतात, हे मान्य. पण ते मुळातच जुळवलेले असल्यामुळे त्यांतला चढउतार बेताचा असतो. (नांगर, शंख आणि मासे छापलेलं कापड तर या कामातून बादच समजावं. ते समुद्राचं नाव सांगतं, रंग दाखवत नाही.) वापरलेल्या कापडाचं तसं नसतं. जीन्सच्या उभ्या धाग्यावर नीळ वरवरच चढलेली असते, आतला गाभा बराचसा पांढरा राहतो, म्हणून घासेल तिथं ती विटते. जुन्या जीन्सचा मागचा खिसा उसवून पाहा. खाली गडद निळा चौकोन, भोवती धुऊन विटलेलं कापड आणि कडेला शिवणीची पांढुरकी रेघ, म्हणजे एकाच पँटीत समुद्राच्या तीन छटा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायांनी शेतातल्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्यांत हे खिशाखालचे गडद डाग तसेच ठेवलेले दिसतात. त्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. जुनं कापड लवकर फाटतं, ही हरकत मात्र रास्त आहे. तुकडा उजेडासमोर धरावा, विरळ दिसला तर तो आतल्या थरात घालावा. गडद तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. रंग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवावा. तयार कापड मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं रंग पक्का होतो, या समजावर विसंबू नये.

नुसत्या चौकोनांत लाटा कशा येणार, त्यांना वळणदार तुकडे हवेत, असाही आग्रह असतो. पण वळणावर कापड तिरकं कापलं जातं, ताणतं आणि नवख्या हातात शिवण ओढली जाते. आपल्या गोधडीत लाटेचं काम धावदोरा करतोच. टाके ओढून घेतले आणि गोधडी धुतली की दोन ओळींमधलं कापड किंचित फुगतं आणि त्या चुण्यांवर उजेड-सावली खेळते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बाया कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करताना कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत येतात. पृष्ठभागाला जिवंतपणा येतो तो त्या ओळींमुळे, ठिगळं साधी चौकोनीच असतात.

पहिल्या खेपेला तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढी गोधडी पुरे. प्रत्येक तुकडा १२ सेंटिमीटरचा कापून चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीत दिला की १० सेंटिमीटरचा चौकोन उरतो. आठ बाय दहाच्या मांडणीत ८० चौकोन लागतात आणि ८० बाय १०० सेंटिमीटरची गोधडी होते. वरच्या थराला सव्वा चौरस मीटरही कापड लागत नाही. खालच्या दोन ओळी वाळूच्या, मग फेसाची, आणि वर गडद होत जाऊन शेवटी राखाडी. चौकोन मांडून झाले की शिवायला बसण्याआधी त्यांतले सगळ्यांत निळे चार-पाच उचलून त्यांच्या जागी चिंध्यांच्या गाठोड्यातले मळकट रंग ठेवून पाहा. काढलेले निळे पुढच्या गोधडीला होतील.