चौथ्या भागाला कोणी का येत नाही?

जुलै २०२५ची गोष्ट. आमची बहीण मालेगावहून दोन दिवसांसाठी द्वारकेला आमच्याकडे आली होती. सोबत सहावीत शिकणारा भाचा. त्याच आठवड्यात नवा 'सुपरमॅन' लागला होता आणि भाच्याने येतानाच हट्ट धरला होता. सिनेमा बघावा की बघू नये, यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत, आमच्या नात्यातही आहेत. तो वाद इथे नको. मुले बघतातच, तर निदान सोबत बसून बघावे, असे आम्हाला वाटते. म्हणून आमची दोन आणि तो एक, अशी तीन मुले घेऊन आम्ही गेलो.

सिनेमा सुरू होतो तोच सुपरमॅन मार खाऊन बर्फात पडलेला असतो. तोंडातून रक्त येत असते. आमची धाकटी घाबरून आम्हाला बिलगली. भाचा मात्र पॉपकॉर्न खात तिला समजावू लागला, "अरे, मरेगा नहीं. अगला पार्ट आने वाला है ना!"

आम्हाला हसू आले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. अकरा वर्षांच्या मुलाला जे कळते, ते कोट्यवधी डॉलर खर्च करणाऱ्यांना का कळत नसावे? पुढचा भाग ठरलेला आहे म्हटल्यावर नायकाचे काय होणार, ही काळजी बघणाऱ्याने करायची तरी कशासाठी?

आकडे काय सांगतात

सुपरमॅन जन्मला १९३८मध्ये, अमेरिकेतल्या एका चित्रकथांच्या मासिकात. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुण मित्रांनी तो घडवला. दूरचा ग्रह नष्ट होताना आईवडील बाळाला यानात घालून पृथ्वीकडे पाठवतात आणि इथल्या सूर्याच्या प्रकाशाने त्याच्या अंगी अफाट बळ येते, अशी ती विज्ञानकल्पना. मोठ्या पडद्यावर त्याचा खरा बोलबाला झाला १९७८मध्ये, क्रिस्टोफर रीव्ह या नटामुळे. त्यानंतर १९८०, १९८३ आणि १९८७ असे आणखी तीन भाग आले.

अमेरिकेतल्या थिएटरांत पहिल्या भागाने सुमारे १३ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. दुसऱ्याने सुमारे १० कोटी ८० लाख. तिसऱ्याने सुमारे ६ कोटी. चौथ्याने दीड कोटीच्या थोडेसे वर. नऊ वर्षांत शंभरातले जवळजवळ नव्वद प्रेक्षक उठून गेले म्हणा ना! पुढे १९ वर्षे सुपरमॅनचा सिनेमाच आला नाही. नट तोच होता, पोशाख तोच होता, आकाशही तेच होते. मग बिघडले कुठे?

पहिल्या भागात त्याला सांभाळणारे वडील हृदयविकाराने अचानक जातात. एवढी ताकद असून आपण त्यांना वाचवू शकलो नाही, हे दुःख त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसते. दुसऱ्या भागात तो प्रेमासाठी आपली शक्ती सोडून देतो आणि रस्त्याकडेच्या खानावळीत एका ट्रक ड्रायव्हरच्या हातून मार खातो. स्वतःचे रक्त तो आयुष्यात पहिल्यांदा बघतो. हे दोन प्रसंग ज्याने पाहिले, तो विसरत नाही. उडणे तर सगळे जण विसरतात.

तिसऱ्या भागात एका गाजलेल्या विनोदी नटाला आणले आणि सिनेमा हसवण्याकडे वळला. चौथ्याच्या वेळी निर्माते बदलले होते आणि ठरलेला खर्च जवळजवळ निम्म्यावर आणला गेला. उडण्याचे तेच दृश्य पुन्हा पुन्हा वापरलेले स्पष्ट दिसते. पण आमच्या मते खरा दोष पैशाचा नव्हता. या भागाचा विषय फार चांगला होता. जगातून अण्वस्त्रे नाहीशी व्हावीत, ही रीव्हची स्वतःची तळमळ होती. सुपरमॅन सगळी अण्वस्त्रे गोळा करतो, मोठ्या जाळ्यात बांधतो आणि सूर्यावर फेकून देतो. झाले! ज्या प्रश्नाने त्या काळी सारे जग धास्तावले होते, तो दोन मिनिटांत सुटला. बघणाऱ्याला बोध मिळाला, पण त्याची भीती, त्याचे घर, त्याचा शेजारी त्या गोष्टीत कुठेच नव्हता.

घाई आणि सवय

हे एकट्या सुपरमॅनचे नाही. १९७७मध्ये सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स'चे पहिले सहा सिनेमे यायला २८ वर्षे लागली. मालकी बदलल्यावर २०१५ ते २०१९ या काळात एकामागून एक पाच आले. त्यातल्या पहिल्याने जगभरात २०० कोटी डॉलरहून अधिक मिळवले. मूळ मालिकेचे पुढचे दोन भाग १३३ कोटी आणि १०७ कोटींपर्यंत उतरले. मध्येच २०१८ साली आलेला 'सोलो' सुमारे ३९ कोटींवर थांबला आणि या मालिकेतला तोट्यात गेलेला पहिला सिनेमा ठरला. रोज बिर्याणी वाढली तर चौथ्या दिवशी मुले वरणभात मागतात, हे कोणत्याही अम्मीला ठाऊक असते.

आपल्याकडचे उदाहरण जवळचे आहे. २००३मध्ये 'कोई... मिल गया' आला. त्यातला रोहित वयाने मोठा, पण बुद्धीने लहान. वर्गात त्याची टिंगल होते, शिक्षक त्याला बाहेर काढतात. असा एखादा रोहित प्रत्येक शाळेत असतो, आमच्याही आहे. त्याला दूरच्या ग्रहावरचा जादू भेटतो, तेव्हा बघणाऱ्या मुलाला वाटते, आपल्याही वर्गातल्या त्या मुलाला कोणी भेटावे. २००६मध्ये रोहितचा मुलगा 'क्रिश' झाला आणि २०१३मध्ये 'क्रिश ३'. ('क्रिश २' कुठे गेला, असे मुले हमखास विचारतात. पहिला 'कोई... मिल गया' धरून मोजायचे, म्हणजे हिशेब जुळतो.) 'क्रिश ३'ने गल्ला चांगला जमवला, हे खरे. त्यात मुंबईत विषाणू पसरतो, इमारती कोसळतात, मुखवटा घातलेला नायक उडत येतो. पण वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा त्यात उरला नाही. त्यानंतर दशक उलटले. आमच्या वर्गातल्या मुलांना जादूचा निळा चेहरा मोबाइलवरच्या विनोदांमुळे माहीत आहे. त्याची गोष्ट माहीत नाही.

मालिका लांबली की नायक मोठा होत जातो आणि माणूस लहान होत जातो. प्रेक्षक आधी कंटाळतो, मग काही दिवस सवयीने येतो आणि नंतर सवयही सुटते.

आपल्या जिल्ह्यातला सुपरमॅन

द्वारका चौकातून आग्र्याच्या रस्त्याने निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर मालेगाव लागते. यंत्रमागांचे गाव. जुम्याची सुट्टी, बाकी दिवस खडखडाट. तिथे नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमे बनवायला सुरुवात केली. 'मालेगाव के शोले' गाजला. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करायला घेतला. तो कसा बनला, हे फैझा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात बघायला मिळते. कॅमेरा फिरवायला सायकल, नायकाला उडवायला मागे हिरवा पडदा आणि पुढे मित्रांचे हात. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरांत आला. तो याच मित्रांवर बेतलेला आहे.

या सुपरमॅनचे काम करणारा शफिक शेख यंत्रमागावर मजुरी करायचा. अंगाने काडी. विजारीची नाडी लोंबणारी. आणि त्याची लढाई कोणाशी? तंबाखूशी. परग्रहाशी नाही, अण्वस्त्रांशी नाही, तर ज्या पुडीने गावातल्या घराघरांत ठाण मांडले आहे, त्या पुडीशी. बोध इथेही होताच. पण बघणाऱ्याच्या खिशातच पुडी होती. तो हसता हसता चाचपडत असणार.

भाच्याला आम्ही त्या रात्री ही हकिकत सांगितली. मालेगावात राहून त्याला ती ठाऊक नव्हती. शेवट सांगताना आम्ही जरा थांबलो. काही वर्षांतच शफिक कर्करोगाने गेला. भाचा गप्प बसला. मग म्हणाला, "वो सच में मर गया?"

पुढचा भाग यायचा नव्हता.

मालेगावच्या सिनेमालाही पुढे ओहोटी लागली. आधी नकली सीड्यांनी घात केला, मग मोबाइल हातोहात आला आणि व्हिडिओ पार्लरच्या बाकांवर बसणारे कमी झाले. पण तिथला प्रेक्षक गोष्टीवर रुसून गेला नव्हता. 'छोटू दादा'च्या नावाने मालेगावचा एक कलाकार यूट्यूबवर लाखो लोकांना हसवतो आहे. लोकांनी जागा बदलली. आपल्या बोलीतली, आपल्या गल्लीतली गोष्ट त्यांना अजून हवी आहे. परदेशातल्या महागड्या मालिकांना नेमके हेच जमत नाही. त्यांची जागा शाबूत आहे, गोष्ट हरवली आहे.

आमचाही चौथा भाग

आता कबुली देतो. हे सगळे दुसऱ्यांविषयी लिहिणे सोपे आहे. आमच्या शाळेत दरवर्षी तंबाखूमुक्तीची शपथ होते. हात पुढे, एका सुरात, दोन मिनिटांत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, हेही आम्ही दरवर्षी सांगतो. आणि गेल्या वर्षी शपथेच्या दुसऱ्याच दिवशी नववीतल्या एका मुलाच्या कंपास पेटीत पुडी सापडली. आम्ही रागावलो, नसीहत केली. तो मान खाली घालून ऐकत होता. खरे तर ऐकतही नव्हता. पुढे काय येणार, ते त्याला पाठ होते. आमचा तो कितवा भाग होता, अल्लाह जाणे.

घरातही तेच होते. अभ्यास कर, मोबाइल ठेव, लवकर झोप. शब्द बरोबर, हेतू चांगला, पण वाक्य सुरू होताच मुलाला शेवट माहीत असतो. सुपरमॅनच्या चौथ्या भागातही हेतू चांगलाच होता.

भाचा परत गेल्यावर आम्ही नववीच्या वर्गात शपथ घेतली नाही. शफिकची गोष्ट सांगितली. नाडी लोंबते म्हटल्यावर पोरे खूप हसली. शेवट सांगितला, तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आम्ही वर काही जोडले नाही. जोडायचा मोह झाला होता, पण घंटा वाजली.

कंपास पेटीवाला मुलगा मागे थांबला. म्हणाला, "टीचर, अब्बा ट्रक चालवतात. रात्री झोप येऊ नये म्हणून खातात. मीच आणून द्यायचो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही त्यांना सांगाल का?"

पालकसभेत आम्ही त्याच्या अब्बांना दोनदा सांगितलेले होते. तिसऱ्यांदा सांगून काय होणार, हे आम्हाला कळत होते. म्हणून त्याला म्हटले, "बेटा, आमचे त्यांनी ऐकून झाले आहे. तू सांग. तुझ्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकतील."