इंजिनाचा श्वास – भाग ९ : आधी आरपीएम ठरवा, मग टर्बो

१ जुलै १९७९. फ्रान्समधल्या दिजाँच्या सर्किटवर ज्याँ-पिएर जाबुईने रेनॉची पिवळी गाडी पहिली आणली आणि टर्बो इंजिनाने फॉर्म्युला वनमधली आपली पहिली शर्यत जिंकली. दोन वर्षांपूर्वी, १९७७ मध्ये, हीच कंपनी सिल्व्हरस्टोनला टर्बो घेऊन उतरली होती. तेव्हा ती गाडी धूर ओकत इतक्या वेळा बंद पडायची, की इंग्लिश मंडळींनी तिचं नाव ‘पिवळी किटली’ ठेवलं. इंजिन दोन्ही वेळा एकाच घराण्याचं होतं, दीड लिटरचं व्ही-६. पहिल्या गाडीवर एकच मोठा टर्बो होता. १९७९ च्या हंगामात त्याच्या जागी दोन लहान टर्बो आले, तीन सिलिंडरमागे एक. विजयाचं श्रेय नव्या ग्राउंड इफेक्ट चासीलाही जातं. पण वळणातून बाहेर पडताना पाय दाबल्यावर इंजिन किती लवकर जागं होतं, हा प्रश्न सुटला तो टर्बोचं माप बदलल्यामुळे.

रस्त्यावरच्या गाडीचा हौशी मालक ‘मोठा टर्बो टाकायचा’ म्हणून गॅरेजमध्ये जातो, तेव्हा बोलणं बहुतेक वेळा एकाच आकड्यापाशी येऊन थांबतं : हॉर्सपॉवर किती मिळेल? खरं तर हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. हे इंजिन बहुतांश वेळ किती आरपीएमला फिरणार, हे त्याआधी विचारायला हवं. कमाल हॉर्सपॉवर आलेखावरच्या एका बिंदूवर मिळते, गाडी मात्र एका पट्ट्यात चालते. ज्या पट्ट्यात इंजिन जोमाने ओढतं तो त्याचा पॉवरबँड, आणि टर्बोचं माप त्या पट्ट्यावर बेतावं लागतं.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. टर्बोमधलं टर्बाइन एक्झॉस्टच्या वायूवर फिरतं आणि कंप्रेसरला फिरवतं; कंप्रेसर इंजिनात हवा दाबून भरतो, तो जादा दाब म्हणजे बूस्ट. २,००० आरपीएमला निघणारा वायूच जर टर्बाइनला पुरेसा वेग द्यायला अपुरा असेल, तर पाय कितीही दाबा आणि कितीही वाट पाहा, पूर्ण बूस्ट येणार नाही. ही झाली बूस्ट थ्रेशोल्ड. लॅग वेगळा. इंजिन ४,५०० आरपीएमला फिरतंय, वायू भरपूर आहे, चालकाने पाय दाबला, आणि टर्बोचं चाक वेग घेईपर्यंत जो वेळ गेला तो लॅग. बॉल बेअरिंग, हलकं चाक आणि आखूड पाइपिंग यांनी लॅग कमी करता येतो. थ्रेशोल्ड मात्र मुख्यतः टर्बाइनच्या मापावर आणि इंजिन किती लिटरचं आहे त्यावर ठरते. महागडं बॉल बेअरिंग घातलं म्हणजे अवाढव्य टर्बो शहरात चालेल, ही समजूत इथूनच येते आणि इथेच फसते.

सत्तरच्या दशकातल्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हा फरक लख्ख दिसतो. बीएमडब्ल्यूने १९७३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात २००२ टर्बो आणली : दोन लिटर, १७० हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन रेशो ६.९ इतका खाली आणलेला, त्यामुळे बूस्ट येईपर्यंत इंजिन मंद, आणि ४,००० आरपीएमच्या आसपास एकदम पाठीत धक्का. त्याच सुमारास तेलसंकट आलं आणि १,६७२ गाड्यांनंतर उत्पादन थांबलं. चार वर्षांनी त्याच प्रदर्शनात साबने ९९ टर्बो मांडली. तीही दोन लिटरचीच, पण हॉर्सपॉवर १४५, बीएमडब्ल्यूपेक्षा २५ ने कमी. साबच्या इंजिनिअरांनी मुद्दाम लहान टर्बो निवडला आणि जादा एक्झॉस्ट वायू वेस्टगेट या झडपेतून, टर्बाइनला वळसा घालून, सोडून दिला. कमाल टॉर्क ३,००० आरपीएमलाच हाताशी आला, म्हणजे ओव्हरटेक करताना रोज जिथे लागतो तिथेच. पुढची कित्येक वर्षं टर्बो हीच साबची ओळख राहिली. रोजच्या रस्त्यासाठी साबचा हिशेब बरोबर होता, यात शंका घ्यायला जागा नाही.

आता बदललेल्या इंजिनाकडे वळू. जगभरात अशा फेरबदलांसाठी सर्वाधिक हाताळलं गेलेलं इंजिन बहुधा टोयोटाचं २जेझेड-जीटीई असावं. १९९३ पासूनच्या ए८० सुप्रामध्ये ते आलं : सहा सिलिंडर एका ओळीत, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ८६ मिलिमीटर बोअर आणि तितकाच स्ट्रोक, जवळपास तीन लिटर. कारखान्याने त्यावर दोन टर्बो बसवले ते एकामागून एक काम करणारे. कमी आरपीएमला सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोकडे जातो आणि १,८०० च्या आसपासच बूस्ट मिळू लागतो, मग साधारण ४,००० ला दुसराही सामील होतो. रुंद पॉवरबँड मिळवण्याचा हा देखणा उपाय होता. जपानमध्ये २८० हॉर्सपॉवर जाहीर झाली, अमेरिकेत ३२०.

तरीही हौशी मालक ही जोडी काढून एकच मोठा टर्बो लावतात. कारणं खरी आहेत. झडपा आणि व्हॅक्यूम नळ्यांचं जाळं जुनं झालं की त्रास देतं, दोन्ही टर्बो लहान असल्याने वरच्या आरपीएमला दम धरत नाहीत, आणि जपानी बाजारातल्या टर्बोंची सिरॅमिक टर्बाइन चाकं वाढीव बूस्टला तडकतात. पण एकच टर्बो लावायचा म्हणजे कारखान्याने दोन टर्बोंत वाटून दिलेलं काम एकाकडे सोपवायचं. म्हणून इथे हिशेब करावाच लागतो.

समजा, ६,५०० आरपीएमला ५०० हॉर्सपॉवर हवी आहे. पूर्ण जोरात चालणारं टर्बो पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण पाव किलो पेट्रोल जाळतं, म्हणजे ताशी १२५ किलो. पेट्रोलच्या १२ पट हवा धरली तर ताशी १,५०० किलो, मिनिटाला २५ किलो. टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीच्या कंप्रेसर मॅपवर, म्हणजे कंप्रेसर किती हवा किती दाबाने देतो ते दाखवणाऱ्या आलेखावर, हवा मिनिटाला पौंडांत मोजतात, तिथे हा आकडा ५५ होतो. आता एवढी हवा तीन लिटरमध्ये मावायला हवी. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. ६,५०० आरपीएमला ते मिनिटाला ९,७५० लिटर ओढतं, आणि सिलिंडर ९५ टक्के भरतात असं धरलं तर सुमारे ९,२६०. त्यात २५ किलो हवा बसवायची तर घनमीटरला २.७ किलो घनता लागते. इंटरकूलरमधून निघालेली हवा ५० अंश सेल्सिअस असेल, तर मॅनिफोल्डमध्ये निरपेक्ष दाब अडीच बार, म्हणजे गेजवर दीड बार बूस्ट. फिल्टर, पाइप आणि इंटरकूलरमध्ये होणारी घट धरली की कंप्रेसरला सुमारे २.७ पट दाब द्यावा लागतो.

मॅपवरचा पहिला बिंदू मिळाला : ५५ पौंड, २.७ पट. गॅरेज सहसा इथेच थांबतं.

दुसरा बिंदू खालच्या टोकाचा. तोच बूस्ट ३,५०० आरपीएमला हवा असेल तर हवा लागेल मिनिटाला जेमतेम ३० पौंड. दाब तेवढाच, प्रवाह जवळपास निम्मा. हा बिंदू मॅपवर डावीकडे, सर्ज रेषेच्या दिशेने सरकतो. ८००-९०० हॉर्सपॉवरच्या मोठ्या कंप्रेसरच्या मॅपवर तो रेषेला टेकतो किंवा तिच्या पलीकडे जातो. तिथे हवा उलटी फिरू लागते, गाडी खडखडत ओढते आणि थ्रस्ट बेअरिंगवर घाव बसत राहतात. त्यावर ‘मोठं टर्बाइन लावलं की ३,५०० ला बूस्ट येणारच नाही, मग सर्ज कुठला?’ असं उत्तर मिळतं. ते खरं आहे. पण मग मालकाने मागितलेला पॉवरबँडही गेला.

गॅरेट आपल्या जीटी३०७६आर या टर्बोसाठी ३१० ते ५२५ हॉर्सपॉवर असा पल्ला देते आणि जीटी३५८२आरसाठी ४०० ते ६७५. आपले ५०० पहिल्याच्या अगदी कडेला येतात आणि दुसऱ्याच्या मधोमध. कडेला चालवायची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ३० अंशांची हवा २.७ पट दाबताना कंप्रेसरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर ती सुमारे १६० अंशांपर्यंत तापते, ६० टक्के असेल तर १९५ च्या पुढे. ती जादा उष्णता इंटरकूलरवर पडते, नॉकिंगचा धोका वाढतो, ट्यूनरला इग्निशन मागे घ्यावं लागतं, आणि कागदावरचे ५०० प्रत्यक्षात उतरत नाहीत. म्हणून ५०० चा आग्रहच असेल तर जीटी३५८२आर. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल, तर ४५० वर समाधान मानून लहान टर्बो घेणं हा अधिक शहाणपणाचा सौदा आहे.

पट्टा किती रुंद हवा, हे गिअरबॉक्स सांगतो. सुप्राच्या सहा-स्पीड गेट्राग व्ही१६० मध्ये दुसरा गिअर २.३६ चा आणि तिसरा १.६८५ चा. ६,८०० आरपीएमला दुसऱ्यातून तिसरा टाकला की इंजिन ४,८५० च्या आसपास उतरतं. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ते ५,३०० च्या आसपासच थांबतं. पहिल्यातून दुसऱ्यात मात्र ते ४,२०० पर्यंत घसरतं. म्हणजे साधारण ४,००० ला पूर्ण बूस्ट देणारा टर्बो ट्रॅकवर कुठेच उघडा पडत नाही. शहरात २,५०० आरपीएमला चौथ्या गिअरमध्ये रेंगाळणाऱ्या चालकाला मात्र त्याच गाडीत मूळच्या जोडीची आठवण येईल.

कॅमशाफ्ट बदललेले असतील तर गणित पुन्हा मांडावं लागतं. २जेझेडसाठी २६४ आणि २७२ अंशांचे कॅम सर्रास वापरले जातात. अंश वाढले की झडपा जास्त वेळ उघड्या राहतात आणि इंजिनाचा भर वरच्या आरपीएमला सरकतो. लहान टर्बाइन नेमकं तिथेच वायू अडवतं. टर्बाइनच्या आधीचा दाब बूस्टपेक्षा बराच वाढला, की दोन्ही झडपा उघड्या असताना जळका वायू सिलिंडरमध्ये परत शिरतो. २७२ चे कॅम आणि चिमुकलं टर्बाइन हे एकमेकांविरुद्ध लढणारे भाग आहेत, आणि त्या दोघांवर पैसे खर्च केलेले इंजिन मूळच्या इंजिनापेक्षाही बेचव चालू शकतं.

याच जागी टर्बाइन हाउसिंगचं ए/आर कामाला येतं. वायूच्या मार्गाचं क्षेत्रफळ भागिले त्याचं शाफ्टच्या मध्यापासूनचं अंतर, असा हा आकडा. जीटी३५८२आरला ०.६३, ०.८२ आणि १.०६ अशी हाउसिंग मिळतात. लहान आकडा वायूला वेग देतो, बूस्ट काहीशे आरपीएम आधी आणतो आणि वरच्या टोकाला घुसमट करतो. मोठा आकडा याच्या उलट. कंप्रेसर न बदलता पॉवरबँड सरकवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि दुर्दैवाने सगळ्यात दुर्लक्षितही. सहा सिलिंडरवर ट्विन-स्क्रोल, म्हणजे वायूसाठी दोन वेगळे मार्ग असलेलं, हाउसिंग आणखी मदत करतं. २जेझेडचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आहे. पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरचे मार्ग वेगळे ठेवले की प्रत्येक मार्गात स्पंदनं समान अंतराने येतात आणि एकाचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. त्यासाठी मॅनिफोल्डही दुभागलेलाच लागतो. साध्या मॅनिफोल्डवर ट्विन-स्क्रोल टर्बो बसवणं म्हणजे पैसे वाया.

महाराष्ट्रात हा हिशेब बहुधा वेगळ्या गाड्यांवर होतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय हे चांगलं उदाहरण : १८० हॉर्सपॉवर, आणि १,२५० ते ५,००० आरपीएमपर्यंत सपाट २५० न्यूटन-मीटर टॉर्क. तिच्या डीक्यू२०० या सात-स्पीड ड्राय क्लच गिअरबॉक्सची मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच. इथे खालच्या आरपीएमला टॉर्क वाढवणारा टर्बो थेट क्लचवर उठतो. उलट तोच २५० चा टॉर्क ६,००० आरपीएमपर्यंत धरून ठेवता आला, तर गिअरबॉक्सवर जादा टॉर्कचा बोजा न टाकता सुमारे २१४ हॉर्सपॉवर होतात. टर्बोची निवड गिअरबॉक्सपासून सुरू व्हावी असं इंजिन शोधायचं तर ते हेच.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. असे प्रयोग कोईमतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायच्या गाडीवरच करावेत.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. टर्बोची ऑर्डर देण्याआधी ट्यूनरकडून त्या टर्बोचा कंप्रेसर मॅप मागून घ्या आणि त्यावर दोन बिंदू मांडून दाखवायला सांगा : एक कमाल हॉर्सपॉवरचा, दुसरा तुम्हाला पूर्ण बूस्ट जिथून हवा त्या आरपीएमचा. दुसरा बिंदू मांडायला जो तयार नसेल त्याच्याकडून टर्बो घेऊ नका. पुढच्या भागात वेस्टगेट : तो कुठे बसवायचा आणि किती मापाचा.