मडकं उलटं का लावतात?

व्हिएतनाममध्ये 'बान्ह सेओ' नावाचं घावन मिळतं. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, आत कोळंबी आणि मोड आलेले मूग. तापल्या कढईत पीठ पडताना जो आवाज होतो, त्यावरूनच त्याचं नाव 'सेओ' पडलं. दा नांगमधल्या एका गल्लीत बुटक्या स्टुलावर बसून मी ते खात होते आणि मला पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक आठवत होतं. तिथल्या शेतात थंडीच्या रात्री एका काकांनी वालाच्या शेंगा भरलेल्या तापल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारला होता. चुर्र असा आवाज आला तसे ते म्हणाले, "झाली पोपटी, काढा." पदार्थ शिजला की नाही हे तिथे कानानंच ठरलं होतं.

मुंबई-पुण्याची पुष्कळ मुलं-मुली हल्ली टूर कंपनीशिवाय व्हिएतनामला जातात. जाण्याआधी भरपूर माहिती काढतात. फो हा नूडल्सचा रस्सा सकाळी खावा, एकच पदार्थ करणारी गाडी शोधावी, दुपारी 'कोम बिन्ह जान' म्हणजे साध्या माणसांच्या भाताच्या खानावळीत जाऊन मांडलेल्या भाज्यांकडे बोट दाखवावं, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. या तयारीचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण हीच मंडळी मुंबई-गोवा महामार्गावरून पेण ओलांडतात तेव्हा वडापाव खाऊन पुढे जातात. त्यात त्यांचा दोष थोडाच आहे. हनोईत अन्न फुटपाथवर मांडलेलं असतं. पेण-रोह्याच्या पट्ट्यात ते शेतात, तळ्यात आणि माजघरात असतं, आणि तेही वर्षाचे ठरावीक महिनेच.

गागोद्याला लोक येतात ते विनोबांसाठी. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे इथे जन्मले. लोक जन्मस्थान बघतात, नमस्कार करतात आणि परततात. विनोबांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. घरच्या झाडाचा फणस पिकला की आई गऱ्यांचे द्रोण भरायची आणि विन्याला शेजारच्या घरोघरी ते पोचवायला लावायची. सगळ्यांना देऊन झालं की मगच त्याला जवळ बसवून खायला द्यायची. इथलं अन्न विकत मिळण्याआधी वाटून मिळतं, हे इथे खायला येणाऱ्यानं या आठवणीवरून ओळखावं.

आता पोपटी. भात कापून झालं की जमिनीत उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव त्याला पुरतं. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात. त्याच दिवसांत बांधावर आणि मोकळ्या शेतात भांबुर्ड्याचं उग्र वासाचं रोपटं माजलेलं असतं. एरवी ते तणच, पण पोपटीला त्याच्यावाचून चालत नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर सबंध शेंगा, जाडं मीठ आणि ओवा. मग बटाटे, रताळी, कांदे, अंडी. मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून मधोमध ठेवायची, वर पुन्हा शेंगा आणि शेवटी मडक्याचं तोंड पाल्यानं गच्च बंद करायचं. पाणी नाही, तेलही नाही. मग मडकं जमिनीवर उपडं करून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचं. साधारण अर्ध्या-पाऊण तासात काम होतं.

मडकं उपडंच का? कोवळ्या शेंगांत आणि पाल्यात भरपूर पाणी असतं. आच लागली की त्याची वाफ होते आणि वाफ वर चढते. मडकं सुलटं असतं तर पाल्याच्या फटींतून ती निघून गेली असती आणि खालच्या शेंगा करपल्या असत्या. उपड्या मडक्यात वर सलग बूड येतं. वाफ तिथे अडते आणि शेंगांतच फिरत राहते. तोंड जमिनीला टेकलेलं असल्यामुळे तिथून फारशी वाट मिळत नाही. भांबुर्ड्याचा वास त्या वाफेबरोबर दाण्यापर्यंत उतरतो. म्हणूनच जून, वाळत चाललेल्या शेंगांची पोपटी जमत नाही. त्यांच्यात वाफेपुरतं पाणीच उरलेलं नसतं. मे महिन्यात कुणी 'अस्सल पोपटी'ची पाटी लावली तर तिथे मी थांबत नाही. दक्षिण गुजरातेतलं उंबाडियूही असंच उपड्या मडक्यात होतं आणि तेही हिवाळ्यातच.

एकदा या नजरेनं बघायला लागलं की दोन्ही देश जवळ येतात. तांदळाचं पातळ पीठ उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या कापडावर पसरायचं, वाफवलेला पापुद्रा अलगद उचलून बांबूच्या तट्ट्यावर वाळवायचा, असा व्हिएतनामचा 'बान्ह चांग' होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका आंबवलेलं तांदळाचं पीठ पानावर नाहीतर ताटलीत पसरून वाफवतात आणि उन्हात घालतात, त्या फेण्या. पेणला पोह्याच्या पापडांबरोबर फेण्याही शोधा. खाडीत आणि गोड्या तळ्यात दोन्हीकडे जगणारा जिताडा ही पेणच्या खारेपाटाची शान. व्हिएतनाममध्ये तोच मासा 'का चेम' नावानं ताटात येतो. पावसाच्या तोंडावर डोंगरातल्या ठाकूर-कातकरी बाया शेवळं ही रानभाजी विकायला आणतात. ती घेताना बरोबर काकडं ही आंबट फळं मागून घ्या. ती घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात.

शाकाहारी माणसाला दोन्हीकडे वाट आहे. व्हिएतनाममध्ये 'चाय' म्हणजे शाकाहारी. तिथल्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक बौद्ध घरांत मांस-मासे वर्ज्य असतात आणि त्या दिवशी शाकाहारी खाणं सहज मिळतं. मात्र नुसती 'भाजी' मागून भागत नाही, कारण खारवलेल्या माशाचं पाणी, 'नुओक माम', बहुतेक पदार्थांत असतं. 'चाय' हा शब्द उच्चारावाच लागतो. पोपटीत कोंबडी-अंडी नकोत असं सांगितलं की काम होतं. मला तर बिनकोंबडीचीच आवडते, शेंगेची गोडी स्वच्छ लागते.

जायचं कसं? दिवा-रोहा मेमू पेणला थांबते, पुढे एसटी किंवा रिक्षा. पण आधी ओळख काढा. शाळेतले शिक्षक, कामावरचा पेणचा सहकारी, पापड विकणारी ताई, कुणीही चालेल. कुणाच्या शेतात आपण होऊन शिरू नका आणि भांबुर्डा ओळखू येत नसेल तर स्वतः पाला तोडू नका. शेंगांचे, कोंबडीचे पैसे आधीच विचारून द्या. घेत नसतील तर घरच्या मुलांसाठी खाऊ न्या. शेंगा सोलताना बोटं भाजतात, तेव्हा घाई करू नका.

वाल मार्चपर्यंत वाळून जातो, मग तो बिरड्यासाठी डब्यात भरला जातो. जायचं असेल तर त्याआधी जा.