बुडालेल्या भूमीची नावे

देऊळगाव महीजवळ खडकपूर्णेवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला ‘संत चोखासागर’ म्हणतात. चोखोबांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा याच देऊळगाव राजा तालुक्यातले. ज्याला विठ्ठलाच्या देवळाची पायरी ओलांडू दिली नाही, त्याचे नाव एवढ्या पाण्याला लागले याचा मला आनंदच आहे. पण पाण्याखालच्या जमिनीची नावे कोणती, आणि ती कोणी ठरवायची?

वर्गात डॉगरलँडविषयी सांगताना हा प्रश्न मला पडला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि ब्रिटन युरोपला जोडलेले होते. बर्फ वितळला तशी मधली भूमी बुडत गेली. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी तिथे उत्तर समुद्र झाला. १९३१ साली ‘कोलिंडा’ या मासेमारी बोटीच्या जाळ्यात तळाच्या कुजकट मातीचा गोळा आला. तो फोडला तेव्हा आत शिंगाचे, दाते पाडलेले भाल्याचे टोक निघाले. म्हणजे तिथे माणसे शिकार करीत होती.

‘डॉगरलँड’ हे नाव १९९८ साली ब्रायनी कोल्स या पुरातत्त्वज्ञ बाईंनी दिले. ते डॉगर बँक या उथळ भागावरून घेतलेले, आणि डॉगर ही डच मच्छीमारांची जुनी होडी. राजाचे नाही, होडीचे नाव! पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात व्हिन्सेंट गॅफनी आणि सहकाऱ्यांनी तेलाच्या शोधासाठी गोळा केलेल्या कंपनलहरींच्या नोंदींवरून तिथल्या नद्या नकाशावर आणल्या. एकीला फ्रेड शॉटन या भूवैज्ञानिकाचे नाव दिले. नावाशिवाय नकाशावर बोट ठेवून बोलता येत नाही, हे खरे. पण त्या नदीकाठी राहणारे तिला काय म्हणत, ते कायमचे गेले. त्यांच्याकडे लिपी नव्हती.

आपल्याकडे लिपी होती, ती आपल्या हाती नव्हती.

धरणात गाव गेलेल्या एका आजीला मी जुना गाव सांगायला लावला. तिने काठीने मातीत नदी ओढली. वरचा पाणवठा गावाचा, खालचा आपला. त्याच्या वर महारवाडा. वहीत काय लिहू, महारवाडा की भीमनगर, असे मी विचारले.

“तवा कुठं होतं भीमनगर, बापू? होतं तेच लिव.”

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जित्या वस्तीसाठी तो योग्यच आहे. पोराने अर्जावर पत्ता लिहिताना जात का लिहावी? बुडालेल्या गावाच्या नकाशावर मात्र मी जुनेच नाव लिहिले. तिथे भीमनगर लिहिले तर खालचा पाणवठा का होता, हे कोणाला कळणारच नाही. गाव फुकटात सुटेल.

नकाशा अजून अपुरा आहे. खालच्या पाणवठ्याजवळ एक डोह होता, त्याचे नाव आजीला आठवेना. नणंदेला ठाऊक असेल म्हणाली. ती चिखलीला असते.