आकडा मोठा की थर जाड?

आता तारकर्लीला निघालेल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न घेऊ. सनस्क्रीन एसपीएफ ३० चं घ्यायचं की ५० चं? त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण ३० चं सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं सुमारे ९८. फरक एवढाच! पण हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन काढतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही, मग ५० चं संरक्षण डबीवरच राहतं. अंगभर लावायला एका मोठ्या माणसाला साधारण ३० मिलिलिटर लागतं. म्हणजे चौघांना १०० ची ट्यूब एका वेळेलाही पुरणार नाही. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढची अधिक चिन्हं पाहू. दर दोन तासांनी आणि समुद्रातून बाहेर आल्यावर पुन्हा लावू. आणि भर दुपारी? तेव्हा सुरूच्या सावलीतच बसू.