बफची मोटर हळू कशी चालवायची

दिवाळीच्या आधी चिंच आणि राखेचा कंटाळा आलेला हौशी माणूस माळ्यावरची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर खाली काढतो, तिला निमुळत्या आट्यांचा स्पिंडल लावतो आणि त्यावर कापडी बफ चढवतो. पितळी ताम्हन झकास उजळतं. मग हुरूप येऊन तो ॲक्रिलिकची पट्टी धरतो, आणि ती कडेनं वितळून बफला चिकटते.

फेरे नव्हे, काठाचा वेग

आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे 2880 फेरे घेते, चार पोलची 1440. वस्तूला मात्र फेऱ्यांशी देणंघेणं नसतं. तिच्या अंगाला घासतो तो बफचा काठ. 150 मिलिमीटरचा बफ 2880 फेऱ्यांवर फिरला की काठ सेकंदाला साधारण साडेबावीस मीटर पळतो. 1440 वर हा वेग निम्मा होतो. बफ 100 मिलिमीटरचा लावला तर 2880 वरही तो पंधरा मीटरवर येतो. म्हणजे सर्वांत स्वस्त रेग्युलेटर म्हणजे लहान बफ!

वेग वाढला की कापडाचे पदर ताठ होतात आणि बफ कडक लागतो. पितळाला ते मानवतं, प्लास्टिकला आणि लाख भरलेल्या दागिन्याला नाही.

पंख्याचा रेग्युलेटर नको

मोटरीला पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा उद्योग मी करून बसलोय. मोटर बंद करताना, वेग उतरत आला की आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना, तो सेंट्रिफ्यूगल स्विचचा. मोटर सुरू होताना तो स्टार्टिंग वाइंडिंग जोडून देतो आणि वेग पकडल्यावर तोडतो. मी रेग्युलेटर उतरवला, ताम्हन टेकवलं आणि चालत्या मोटरीतच ‘टक्’ झालं. जेमतेम काही सेकंदांसाठी असलेलं वाइंडिंग जोडलेलंच राहिलं. आधी घुरघुर, मग वार्निशचा वास. रिवाइंडिंगवाल्यानं तांबं उघडून दाखवलं, काळंठिक्कर.

ज्या मोटरीत असा स्विच नसतो तिथंही हा उपाय लंगडाच. व्होल्टेज निम्मं केलं की जोर चौथाईवर येतो. पंख्याला चालतं, कारण पंखा हळू झाला की त्याला जोरही कमीच लागतो. बफवर आपण वस्तू दाबतो, म्हणजे जोर हवा तेव्हाच मोटर मान टाकते.

पुली, नाहीतर ड्राइव्ह

माझं मत पुलीच्या बाजूनं. स्पिंडल वेगळ्या बेअरिंगांवर घ्या आणि पट्ट्यानं फिरवा. 1440 च्या मोटरीवर 75 मिलिमीटरची आणि स्पिंडलवर 100 ची पुली बसवली तर 1080 फेरे मिळतात. त्याच पुल्या उलटवल्या की 1920. वेग उतरला तरी जोर उलट वाढतो, आणि मोटर आपल्या मूळ चालीनं फिरत असल्यानं तापत नाही. फक्त पट्ट्यावर जाळी हवी.

नॉब फिरवून वेग बदलायची हौस असेल तर थ्री-फेज मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून वेग बदलणारा ड्राइव्ह, घ्या. घरातल्या 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर चालून थ्री-फेज देणारे ड्राइव्ह मिळतात. मोटरीच्या पट्टीवर 230/415 लिहिलंय का ते बघा. असेल तर जोडणी स्टारऐवजी डेल्टात करावी लागते. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये चालूबंदचं बटण घालू नका, ते काम ड्राइव्हचं. 20 हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नये. मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो मंदावला की मोटर तापते.

शिलाई मशीनची ब्रशवाली मोटर पायानं हळू-जलद होते. दोन इंची बफला ती पुरते, मोठ्याला नाही. मिक्सरच्या मोटरीला मात्र बफ लावूच नये. भार सुटला की ती सुसाट सुटते.

वस्तू धरताना

वस्तू बफच्या मध्यरेषेच्या खाली, समोरचा काठ खाली उतरतो तिथं धरा. वरची कड आत दिली की बफ ती हिसकावून जमिनीवर आपटतो. हातमोजे नकोत, ओढणी आणि लोंबती बाही तर नकोच. साखळी यंत्रावर कधीही धरू नये, ती बोटाभोवती गुंडाळली जाते.

झिजून 100 मिलिमीटरवर आलेला बफ टाकून देऊ नका. 1440 वर त्याचा काठ सेकंदाला साडेसात मीटरच पळतो, आणि मोठा बफ जिथं पोचत नाही त्या वाटीच्या पोटात तो नीट शिरतो.