जुनी बेस गिटार घेताना रंग नव्हे, नेक पाहा

वापरलेली बेस गिटार पाहताना नजर आधी उडालेल्या रंगावर जाते. निर्णय मात्र नेकवरून घ्यायला हवा. चार जाड तारांचा एकूण ताण साधारण ७० ते ८० किलो भरतो आणि नेक तो वर्षानुवर्षे झेलत असते. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली की ती सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली अगदी बारीक फट दिसावी. फट मोठी असेल, तर नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, आवळून ती कमी करता येते. पण रॉड आधीच पुरता आवळलेला असेल किंवा नेकला पीळ बसला असेल, तर सौदा सोडावा. खोल झिजलेल्या फ्रेट बदलणे खर्चिक असते. खरखरणारा नॉब किंवा सैल जॅक थोडक्या खर्चात दुरुस्त होतो.

फेंडरच्या १९५१ च्या प्रिसिजन बेसपासून अनेक बेसची नेक स्क्रूने जोडलेली असते, मग ती बदलता येईलच, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण स्वस्त वाद्याच्या बाबतीत नव्या नेकची किंमतच वाद्याइतकी होऊ शकते. उलट, झिजलेले वाद्य वाईटच, हा समजही चुकीचा आहे. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन यांनी आपला अजोड स्वर जुन्या, मळलेल्या तारांवरच घडवला. म्हणून मागितलेल्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवावा आणि ती बेरीज त्याच दर्जाच्या नव्या वाद्यापेक्षा स्पष्ट कमी असेल, तरच व्यवहार करावा.